चौकातलं घुबड: रानपिंगळ्याच्या शिल्पाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावाला रानपिंगळ्याचं शिल्प उभारायचंय. त्या ओळीवर आलेली पत्रं पाहता दगडाला चीर का जाते, फायबर पिवळं का पडतं हे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवतो. हे पान एका छोट्या घुबडाचं.

प्रश्न: आमच्या तालुक्यातच १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला. जगात फक्त भारतात आढळणारा हा पक्षी आमच्या गावाची ओळख व्हावी अशी इच्छा आहे. मुख्य चौकात बारा फूट उंच, पंख पसरलेला, फायबरमध्ये आणि खऱ्या रंगांत असं समितीचं साधारण ठरतंय. संकल्पचित्र सोबत जोडलं आहे. आपलं मत कळवावं. – शिल्प समितीचे सचिव, नंदुरबार जिल्हा

उत्तर: सचिवसाहेब, चित्र मिळालं. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, पण चित्रातला पक्षी रानपिंगळा नाही. डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे आहेत, ते शृंगी घुबडाचे. पंख गरुडाचे आहेत. पायाची तीन बोटं पुढे आणि एक मागे दाखवलंय, तेही गरुडाचंच. घुबड फांदीवर बसतं तेव्हा बाहेरचं बोट मागे वळवून दोन पुढे, दोन मागे अशी पकड घेतं. रानपिंगळ्याला तुरे मुळीच नसतात. डोकं सपाट-गोल, मान जवळपास नाहीच, असा तो बसका जीव. तुमचं चित्र जसंच्या तसं उभं राहिलं तर गावाला एक भव्य पुतळा मिळेल, पण तो कुणाचा हे विचारायला नको.

माझी कसोटी एकच आहे आणि ती मी पुढच्या सगळ्या उत्तरांत लावणार आहे. शिल्प रोज पाहणाऱ्या पोराला उद्या तोरणमाळच्या वाटेवर खरा पक्षी दिसला, तर त्याला तो ओळखता आला पाहिजे. शिल्प भव्य आहे का, फोटोत कसं येतं, उद्‌घाटनाला कोण येणार, हे सगळं त्यानंतर.

पंख पसरलेली मुद्रा सोडा. रानपिंगळा दिसतो तो बसलेला, आणि दिवसाउजेडी. घुबड म्हटलं की आपण रात्र धरून चालतो, पण हा दिवसा वावरणारा पक्षी आहे. थंडीच्या सकाळी झाडाच्या वरच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसणं ही त्याची सवय. बसल्या बसल्या शेपटी झटकन एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला उडवतो. शिल्पकाराला याहून जास्त काय हवं? पानं गळालेल्या सागाची फांदी, तिच्यावर बसका पक्षी, आणि शेपटी शरीराच्या मध्यरेषेपासून जराशी सरकलेली. तेवढ्या एका तिरकेपणानं धातूत जीव येतो. पसरलेल्या पंखांनी येत नाही, त्यांनी फक्त वारा अडतो आणि खर्च वाढतो.

आता आकार. खरा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत २३ सेंटीमीटर. बारा फूट म्हणजे जवळपास सोळापट. त्या मापाला एकेक पीस हातभर लांब होतं आणि पक्ष्याच्या अंगावर कौलं घातल्यासारखी दिसू लागतात. केरळात चडयमंगलमला जटायूचं दोनशे फूट लांबीचं शिल्प आहे, ते डोंगरमाथ्यावर शोभतं, कारण जटायू कुणी मोजलेला नाही. रानपिंगळा मोजलेला आहे. न्यूझीलंडमधल्या ते आनाऊ गावात ताकाहे पक्ष्याचा खूप मोठा पुतळा आहे. तो पक्षी नामशेष झाला असं धरलं होतं आणि १९४८ साली त्याच परिसरातल्या डोंगरांत तो डॉ. ऑर्बेल यांना पुन्हा दिसला, म्हणजे कहाणी थेट तुमच्यासारखी. पण ताकाहे मुळातच कोंबडीहून मोठा, जाडजूड चोचीचा, भक्कम पायांचा. तो वाढवला तरी तोच राहतो. लहान पक्षी वाढवला की त्याचा लहानपणा जातो, आणि रानपिंगळ्याचा अर्धा स्वभाव त्याच्या लहानपणात आहे.

मी म्हणेन चौपट करा. साधारण तीन फूट. लांबी चौपट झाली की पृष्ठभाग सोळापट होतो, आणि पोकळ ओतकामात धातू पृष्ठभागाच्या हिशेबानं लागतो. तीन फुटांवरून बारा फुटांवर गेलात तर पुन्हा सोळापट, वर जाडी वाढवावी लागणार, आत पोलादी सांगाडा लागणार, ते वेगळंच. बारा फुटी फायबरच्या पैशात तीन फुटी कांस्य बसण्यासारखं असतं. दोन्हींची दरपत्रकं मागवून बघा.

त्या मोठ्या पक्ष्याच्या खाली, चौथऱ्यावर, मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर आणखी दोन छोटे पक्षी बसवा. खऱ्या मापाचे. एक रानपिंगळा आणि शेजारी आपला रोजचा पिंगळा, वडाच्या ढोलीतला. दोघं शेजारी बसले की फरक हातालाही कळतो. समितीनं माझं बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका.

आणि हो, चौक. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तशा जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सगळ्या राज्यांना दिला आहे. पक्ष्याचा असला म्हणून रस्त्याच्या मधोमध उभा राहू शकेल, या भरवशावर राहू नका. नगरपालिकेची बाग, वाचनालयाचं किंवा शाळेचं आवार अशी जागा बघा आणि नगरपालिका व जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडून जागेबद्दल लेखी घ्या, मगच मातीला हात लावा. खरं सांगायचं तर हे बरंच झालं. चौकातल्या पुतळ्याभोवती माणसं फेरी मारून जातात, थांबत कुणी नाही. लहान पक्ष्याला थांबणारी माणसं लागतात.

प्रश्न: पिंगळा आणि रानपिंगळा यांत माझे विद्यार्थी नेहमी गोंधळतात, मीही गोंधळते. हा फरक बराचसा रंगाचा आहे. एकरंगी धातूत तो दाखवणार कसा? – चित्रकला शिक्षिका, धुळे

उत्तर: ताई, या प्रश्नासाठी तुमचे आभार. हाच खरा कारागिरीचा प्रश्न आहे.

आधी फरक. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, पाठीवरही. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. पाठही तशीच. छाती गडद, सलग तपकिरी, आणि पोटाचा मधला भाग पांढरा स्वच्छ, कुशीला मात्र पट्टे. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, पिंगळ्यापेक्षा कितीतरी ठसठशीत. डोकं अंगाच्या मानानं मोठं. आणि पाय! दणकट, नख्या मोठ्या, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. पिंगळ्याचे पाय त्याच्यापुढे किडकिडीत दिसतात.

आता धातू. कांस्याला रंग एकच, पण पृष्ठभाग दोन प्रकारचे करता येतात. खडबडीत भागात काळोख साठतो, गुळगुळीत भागावर उजेड सरकतो. म्हणजे आपल्याला पांढऱ्याचं आणि तपकिरीचं काम उजेडाकडून करून घ्यायचंय.

माझी पद्धत सांगतो. मातीचं काम झालं, त्यावर रबराचा साचा घेतला, साच्यात मेण फिरवून चार-पाच मिलिमीटर जाडीचा मेणाचा पक्षी काढला, की खरं काम तिथून सुरू होतं. पंखाचं एकेक पीस घ्यायचं. जिथे तपकिरी आहे तिथे मेणाचे सुतासारखे बारीक धागे शेजारी शेजारी बसवत जायचे, पिसाच्या दिशेनं. जिथे पांढरा पट्टा आहे तिथे धागे थांबवायचे, आणि ती जागा किंचित उचलून, गरम पात्यानं तासून, काचेसारखी करायची. हे धाग्यांचं काम बस्तरच्या ढोकरा कारागिरांचं. ते मातीच्या गाभ्यावर मेणाच्या धाग्यांनीच सगळी मूर्ती गुंडाळतात. रानपिंगळ्याचा शास्त्राला मिळालेला पहिला नमुनाही १८७२ साली आजच्या छत्तीसगडातूनच आला, ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याकडून, आणि पुढच्या वर्षी ह्यूमनं त्याच्याच नावावरून पक्ष्याला नाव दिलं. हे ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच. तेव्हा या पक्ष्यावर ढोकऱ्याचा धागा चढला तर तो घरचाच आहे.

ओतकाम, छिन्नीकाम झालं की सबंध पक्ष्याला गरम करून रसायनानं गडद तपकिरी पॅटिना, म्हणजे धातूवरचा रंगाचा थर, द्यायचा. मग बारीक पॉलिशपेपरनं फक्त उचललेले पट्टे घासायचे. ते लालसर सोनेरी चमकतात, धाग्यांच्या खाचांत काळं राहतं. दहा पावलांवरून पट्टे पांढरेच वाटतात.

डोक्याबद्दल एक ताकीद. कुठल्याही शिल्पकाराचा हात कोऱ्या जागेवर शिवशिवतो. काहीतरी पोत द्यावा, चार पिसं कोरावीत असं वाटतं. रानपिंगळ्याच्या डोक्यावर तो मोह आवरायचा. तिथं एक ठिपका दिला की झाला पिंगळा. तुमच्या कारागिराला हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो प्रेमापोटी प्रजाती बदलून देईल.

डोळे पिवळे असतात म्हणून पिवळा रंग भरायला जाऊ नका. बाहुली खोल कोरा, म्हणजे तिच्यात कायम सावली राहते, आणि वरच्या कडेला धातूचा बारीकसा कण सोडा. तो उजेड पकडतो. पक्षी कुठूनही बघा, तो तुमच्याकडे बघतो. वरच्या पांढऱ्या भुवया मात्र ठळक ठेवा. रानपिंगळ्याच्या चेहऱ्यावरचा रागीटपणा सगळा तिथून येतो.

प्रश्न: फायबरला एवढा विरोध का? आमच्या इथे फायबरचे मोर, वाघ छान दिसतात. – एक वाचक, जळगाव

उत्तर: पहिली दोन वर्षं छानच दिसतात. मग उन्हानं वरचा थर खडूसारखा पिठाळतो, पातळ जागी केसासारख्या चिरा येतात आणि रंगकाम निघतं. दर काही पावसाळ्यांनी रंगवावं लागतं, आणि रंगारी बदलला की पक्षी बदलतो. मोराचं चालून जातं. मोराला निळा दिला की तो मोर. इथं सगळी ओळख डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत यावर आहे. एखाद्या उत्साही रंगाऱ्यानं दोन ठिपके दिले की गावानं दुसऱ्याच पक्ष्याचं स्मारक केलं म्हणायचं. फायबर करायचंच असेल तर रंग न देता, धातूची पूड मिसळून करा. ओळख रंगावर सोडू नका, आकारावर ठेवा.

कांस्य घेतलंत तर 'पंचधातू' या शब्दावर सही करू नका, त्यात काहीही बसतं. तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ असं प्रमाण करारात लिहून घ्या आणि धातूचा तपासणी दाखला मागा.

प्रश्न: आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, घुबड अशुभ. गावाच्या तोंडावर घुबड बसवलं तर लोक बोलतील. यांना काय सांगावं? – एक तरुण कार्यकर्ता, शिरपूरजवळून

उत्तर: वाद घालू नका. लक्ष्मीचं वाहन कोण, एवढं विचारा आणि चहा मागवा.

हे गमतीत घेतलं तरी प्रकरण गमतीचं नाही. घुबडं जादूटोण्यासाठी पकडली जातात, मारली जातात. रानपिंगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि तरीही कुणाच्या तरी अंगणात त्याचा बळी जाऊ शकतो. म्हणूनच शिल्प भीती वाटेल असं करू नका. काळ्या ढगात, कवटीवर, चंद्रासमोर वगैरे नको. उन्हात बसलेला पक्षी करा. ज्येष्ठांना वाटल्यास हेही सांगा, की प्राचीन अथेन्सच्या नाण्यांवर घुबड होतं, बुद्धीच्या देवतेचं. तिचं नाव अथीना, आणि शास्त्रज्ञ पिंगळ्याला आणि रानपिंगळ्याला ज्या वंशात (जीनस) घालतात त्याला तिचंच नाव आहे. नाण्यावर घुबड छापणारं शहर काही बुडालेलं दिसत नाही. बुडालं असेल तर त्याचं कारण घुबड नव्हतं.

प्रश्न: पाटीवर काय लिहावं? आम्ही लिहिलेला मजकूर असा आहे: "११३ वर्षे नामशेष असलेला रानपिंगळा १९९७ साली परदेशी शास्त्रज्ञांनी या भूमीत शोधून काढला." – त्याच समितीचे एक सदस्य

उत्तर: नामशेष असलेला पक्षी सापडत नसतो. तो होता. ११३ वर्षं नोंद नव्हती, एवढंच. १८८४ हे साल शेवटच्या खात्रीच्या नमुन्याचं आहे. तो खानदेशातून जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यानं मिळवला होता. त्यानंतर थेट नोव्हेंबर १९९७. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांना शहाद्याजवळ पक्षी दिसला आणि त्यांनी त्याचं चित्रीकरणही केलं. ही नावं पाटीवर असू द्या, 'परदेशी शास्त्रज्ञ' एवढ्यावर भागवू नका. जागा लिहिताना लक्षात ठेवा, तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, तो १९९८ चा. त्या दिवशी पक्षी धुळे जिल्ह्यात बसला होता.

मधली गोष्ट पाटीवर मावणार नाही, पण गावातल्या प्रत्येक शाळेत सांगण्यासारखी आहे. १८८४ नंतरचा एक नमुना जगाला माहीत होता. रिचर्ड मायनर्टझहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलनं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला, असं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. हा माणूस पक्षिशास्त्रात मोठं प्रस्थ. रासमुसेनबाईंनी संग्रहालयातले नमुने, म्हणजे कापूस भरून ठेवलेले पक्षी, बारकाईनं तपासायला घेतले. प्रत्येक माणसाची पक्षी भरण्याची पद्धत वेगळी असते, टाके वेगळे, कापूस भरण्याची रीत वेगळी. मायनर्टझहागेनच्या पक्ष्याच्या आत त्यांना डेव्हिडसनचा हात दिसला. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा जुना पक्षी ढापला, उसवला, पुन्हा भरला आणि स्वतःची चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं. खोटी जागा यादीतून काढली आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे गेल्या, म्हणून त्या शहाद्याला पोचल्या. मला, दुसऱ्यांचं काम उलटसुलट करून पाहणाऱ्या माणसाला, हा भाग फार आवडतो. वस्तू कुणी बनवली हे टाका सांगतो, चिठ्ठी नाही सांगत.

तेव्हा मजकूर साधा ठेवा: पक्ष्याचं नाव, लांबी २३ सेंटीमीटर, शेवटची जुनी नोंद १८८४, पुन्हा नोंद नोव्हेंबर १९९७, पाहणाऱ्यांची नावं. खाली एक ओळ: "डोक्यावर ठिपके नाहीत. पोट मध्ये पांढरं. दिवसा दिसतो." आणि हा सगळा मजकूर मराठीइतक्याच मोठ्या अक्षरांत पावरी आणि भिलोरी या तिथल्या आदिवासी बोलींतही घाला. जंगलाच्या आत राहणारी माणसं ती पाटी वाचणार आहेत आणि पक्ष्याशी उद्या गाठ त्यांचीच पडणार आहे. आमदारांचं नाव घालायचंच असेल तर चौथऱ्याच्या मागच्या बाजूला भरपूर जागा असते.

'जगात फक्त इथेच' असं मात्र लिहू नका. नंतर मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली, मध्य प्रदेशात आढळला, २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. तुमचा मान पुन्हा दिसण्याचा आहे, तो पुरेसा आहे.

प्रश्न: शिल्पावर लाखो रुपये घालण्यापेक्षा तेच पैसे जंगलाला दिले तर पक्षी वाचेल. शिल्पानं कधी पक्षी वाचलाय का? – पक्षिनिरीक्षक, अमरावती

उत्तर: नाही वाचला. मी शिल्पकार असून सांगतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात मायो नावाचं छोटं गाव आहे. तिथं कर्टलंड्स वॉर्बलर या मूठभर पिवळ्या पक्ष्याचं स्मारक उभारलेलं आहे. हा पक्षी घरटं जमिनीवर करतो, आणि तेही जॅक पाइनच्या कोवळ्या रानात. झाडं वाढून मोठी झाली की त्याच्या कामाची राहत नाहीत. १९७४ मध्ये गाणारे नर मोजले तर १६७ भरले. स्मारक तेव्हाही उभं होतं. पक्षी सावरला तो दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालणाऱ्या काउबर्ड नावाच्या आगंतुक पक्ष्याला आवर घातला म्हणून, आणि जॅक पाइनची रानं पाळीपाळीनं तोडून पुन्हा लावत राहिले म्हणून. २०१९ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. हे वनखात्याच्या आणि शास्त्रज्ञांच्या हातांचं यश. ब्राँझचं किंवा दगडाचं नाही.

पण तुमचा प्रश्न असा गृहीत धरून चाललाय की शिल्प झालं नाही तर ते पैसे जंगलाला जातील. जात नाहीत हो. ते चौकातल्या कारंज्याला जातात, आणि कारंजं सहा महिन्यांत बंद पडतं. रानपिंगळ्याला लागतात ढोली असलेली जुनी झाडं आणि मधून मधून मोकळं असलेलं सागाचं रान. जुनं, पोकळ झाड पहिलं तोडलं जातं, कारण ते 'वाया गेलेलं' दिसतं. ते तोडू नये एवढं पंचायतीला आणि वनरक्षकाला पटवणारी चार माणसं गावात तयार व्हायला हवीत. शिल्पानं ती तयार झाली तर झाली. म्हणून तर मी सारखं ओळखण्यावर येतोय. 'आमच्या गावाची शान' म्हणून गरुडासारखं घुबड उभं केलंत, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पैसे पाण्यात.

समितीला माझी सूचना: फांदी करताना तिच्यात ढोली करा. खरीखुरी, हात आत जाईल अशी. पोकळ झाड फुकटचं नसतं हे त्यातून न बोलता सांगता येईल.

प्रश्न: मुलं चढतील, हात लावतील, नाक घासून गुळगुळीत करतील. कुंपण घालावं का? – नगरसेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर: अजिबात नको. फ्रान्समध्ये दिजाँ शहरात नोत्र दाम चर्चच्या भिंतीवर वीतभराहून थोडं मोठं दगडी घुबड आहे. लोक शतकानुशतकं येता-जाता डावा हात त्यावरून फिरवतात, नशीब उघडतं म्हणे. घासून घासून त्याचा चेहरा ओळखू येत नाही, पण आख्ख्या शहराची खूण ते आहे. २००१ साली कुणीतरी हातोड्यानं ते फोडलं तेव्हा गाव हळहळलं आणि दुरुस्त करून घेतलं. हात लागतो म्हणूनच माणसं शिल्पाला आपलं म्हणतात. कांस्य तर हातानं उजळतं. आपले पांढरे पट्टे पोरंच घासून देतील, तुमचा पॉलिशचा खर्च वाचला.

चढण्याचं म्हणाल तर चढणारच. म्हणून फांदीच्या आत आणि पायांतून चौथऱ्यात खोलवर स्टेनलेस स्टीलचे गज न्या, साधं लोखंड नको. लोखंड गंजून फुगतं आणि कांस्य आतून फोडतं. पोकळ भागाला तळाशी पाणी निघायला भोक ठेवा. नख्यांची टोकं किंचित बोथट करा, इतकी सवलत शास्त्र देतं. कडा हातानं फिरवून तपासा आणि मगच बिल द्या.

देखभालीला फार लागत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर साध्या पाण्यानं, सौम्य साबणानं धुवायचं, वाळलं की मऊ फडक्यानं मेणाचा पातळ हात द्यायचा. कावळ्या-कबुतरांची शिट दिसली की त्याच आठवड्यात काढायची, ती पॅटिना खाते. आम्ल, चिंच, ब्रासो यांपैकी काहीही नको. एकदा कुणी हौसेनं ब्रासो मारलं की रानपिंगळा पितळी समईसारखा झळकतो आणि पट्टे गेले ते गेले. हे काम कोण करणार त्या कर्मचाऱ्याचं पद ठरावातच लिहा. नुसतं 'नगरपालिका करील' लिहिलंत तर कुणीच करत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.